तत्त्वतः मान्य

28 मार्च 1944. हाऊस ऑफ कॉमन्सला तेव्हा स्वतःचं सभागृह उरलं नव्हतं. मे 1941 मधल्या एका रात्री जर्मन बॉम्बनं ते जळून गेलं होतं, आणि तेव्हापासून खासदार शेजारी, लॉर्ड्सच्या दालनात, लाल कातडी बाकांवर दाटीवाटीनं बसत होते. लंडनवर त्या वसंतातही रात्री-अपरात्री हल्ले होत होते. फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचा दिवस सव्वादोन महिन्यांवर आला होता. अशा दिवसांत सभागृहापुढे चर्चेला होतं शिक्षण विधेयक आणि त्यातलं शिक्षकांच्या पगाराचं कलम 82.

या कलमाला थेल्मा कॅझलेट-किअर या बाईंनी उपसूचना दिली होती. त्या सरकार पक्षाच्याच, म्हणजे हुजूर पक्षाच्या, लंडनमधल्या पूर्व इझलिंग्टनच्या खासदार होत्या. त्यांची मागणी एका वाक्याची होती: वेतनश्रेणी ठरवताना केवळ स्त्री की पुरुष एवढ्यावरून फरक करू नये. शिक्षणमंत्री आर. ए. बटलर यांनी विरोध केला. शिक्षकांचे पगार बर्नहॅम समितीत ठरतात, तिथे शिक्षक आणि त्यांना नेमणाऱ्या संस्था समोरासमोर बसून बोलणी करतात, त्यात पार्लमेंटनं हात घातला तर सगळी घडी विस्कटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मतविभागणी झाली. खासदार उठले, दोन लॉबींतून चालत गेले, दारात मोजले गेले. बाजूनं 117, विरोधात 116.

एका मतानं चर्चिलचं सरकार हरलं. युद्धकाळातल्या त्या संयुक्त सरकारचा सभागृहातला हा एकुलता एक पराभव. हिटलरशी लढणारं सरकार शाळामास्तरणींच्या पगारावरून पडतं की काय, असा प्रश्न त्या संध्याकाळी खरोखरच उभा राहिला.

हा पगार होता तरी किती कमी, ते आधी पाहू. बर्नहॅम श्रेणीत शिक्षिकेला शिक्षकाच्या साधारण चार-पंचमांश मिळत. आपल्या जुन्या हिशेबात सांगायचं तर त्याच्या सोळा आण्यांना तिचे पावणेतेरा आणे. तोच वर्ग, तीच चाळीस-पन्नास मुलं, तेच हजेरीपट, वह्यांचा तोच गठ्ठा रात्री घरी न्यायचा. सप्टेंबर 1939 मध्ये शहरांतली मुलं गळ्यात नावाची चिठ्ठी आणि खांद्याला गॅस मास्कचा डबा लावून खेड्यांकडे पाठवली गेली, तेव्हा त्यांच्यासोबत आगगाडीत बसलेल्यांत शिक्षिका मोठ्या संख्येनं होत्या. परक्या गावात त्या मुलांचं आजारपण, रात्रीचं रडणं, घरच्यांना लिहायची पत्रं, सगळं त्यांनी निस्तरलं. महिनाअखेरीला हातात पडायचे ते पावणेतेरा आणेच.

समर्थन ठरलेलं होतं: पुरुषाला संसार असतो. ते ऐकायला पटतं, पण हिशेबाला उतरत नाही. अविवाहित शिक्षकालाही पूर्ण पगार मिळत होता, आणि म्हातारी आई व धाकटी भावंडं पोसणाऱ्या शिक्षिकेला कमीच. शिवाय युद्धापूर्वी बहुतेक ठिकाणी लग्न झालं की शिक्षिकेला नोकरी सोडावी लागे. म्हणजे संसार थाटलास तर नोकरी जाईल, आणि नाही थाटलास तर संसार नाही म्हणून पगार कमी. ही कोंडी कुणा एका दुष्ट माणसानं रचलेली नव्हती. ती नियमांत होती, म्हणूनच इतकी वर्षं टिकली.

कॉमन्सनं हा विषय 1944 मध्ये पहिल्यांदा ऐकला असंही नाही. 1920 च्या मे महिन्यात, सरकारी नोकरीत स्त्रियांना पुरुषांइतकं वेतन असावं, असा ठराव याच सभागृहानं केला होता. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, तिशीपुढच्या स्त्रियांना मताचा अधिकार नुकताच मिळालेला. सव्वा वर्षात तेजी ओसरली, बेकारी वाढली, आणि ऑगस्ट 1921 मध्ये सभागृहानं दुसरा ठराव केला: देशाची सध्याची आर्थिक स्थिती पाहता हा वाढीव खर्च अंगावर घेता येणार नाही, तीन वर्षांच्या आत फेरविचार करू. त्याच महिन्यात खर्चकपातीसाठी सर एरिक गेडीस यांची समिती नेमली गेली. ‘गेडीसची कुऱ्हाड’ म्हणून इतिहासात गाजली ती हीच.

आपल्याकडे ज्यांनी मंत्रालयात किंवा जिल्हा परिषदेत एखाद्या फाइलीचा पाठपुरावा केला आहे, त्यांना ‘तत्त्वतः मान्य’ या शेऱ्याचा अर्थ समजावून सांगायला नको. मागणी चूक आहे असं कुणी म्हणत नाही. नकार दिला तर भांडता येतं, अपील करता येतं. तत्त्वतः मान्य झालेल्या मागणीशी भांडणार कसं? घोंगडं भिजत पडतं. ब्रिटनमधल्या समान वेतनाचा 1920 ते 1955 हा सगळा इतिहास माझ्या मते या एका शेऱ्याचा इतिहास आहे. फेरविचाराची तीन वर्षं आली आणि गेली. 1931 मध्ये सरकारी नोकरीविषयीच्या टॉमलिन आयोगाचा अहवाल आला. सदस्य या प्रश्नावर जवळपास निम्मे-निम्मे फुटले होते.

मग एलेन विल्किन्सन उभ्या राहिल्या. मजूर पक्षाच्या, जॅरोच्या खासदार. चणीनं अगदी लहान, केस तांबडे, बोलणं धारदार. जॅरोचा जहाजबांधणीचा कारखाना बंद पडून सगळं गाव बेकार झालं होतं, आणि 1936 च्या शरदात तिथल्या दोनशे माणसांनी लंडनपर्यंत जी पायी दिंडी काढली तिच्यात या बाई वाटेत अनेक टप्पे चालल्या. त्याच वर्षी 1 एप्रिलला त्यांनी सरकारी नोकरीतल्या समान वेतनाचा प्रस्ताव मांडला आणि तो 156 विरुद्ध 148 मतांनी जिंकला. सरकार हरलं. पंतप्रधान बाल्डविन यांनी पाचच दिवसांत तो प्रश्न पुन्हा सभागृहापुढे आणला, या वेळी विश्वासाचा प्रश्न करून. सरकारची प्रचंड बहुमताची फौज हजर झाली आणि निकाल उलटला.

म्हणजे 28 मार्च 1944 च्या संध्याकाळी चर्चिलनं काय करायचं याचा कित्ता तयार होता, आणि त्यांनी तो गिरवला. दुसऱ्या दिवशी सभागृहात येऊन त्यांनी जाहीर केलं की दुरुस्त झालेलं कलम वगळून मूळ कलम परत घालावं लागेल, आणि ते मत सरकारवरच्या विश्वासाचं मत धरलं जाईल. खासदार चिडले. काहींनी सुचवलं की विश्वासाचा ठराव वेगळा आणा, आम्ही आनंदानं पाठिंबा देतो, पण या कलमाला तो बांधू नका. चर्चिल बधले नाहीत. 30 मार्चला मतं पडली: 425 विरुद्ध 23.

त्या 425 मध्ये थेल्मा कॅझलेट-किअरही होत्या. आपल्याच उपसूचनेविरुद्ध त्यांनी मत दिलं.

मला या गोष्टीतली सगळ्यात जड जागा हीच वाटते. त्यांना भित्र्या म्हणणं सोपं आहे, पण मला ते जमत नाही. त्यांचा भाऊ व्हिक्टर, तोही खासदार, आठ महिन्यांपूर्वीच जिब्राल्टरजवळ विमान कोसळून पोलंडच्या जनरल सिकोर्स्कींबरोबर मरण पावला होता. हजारो घरांतली मुलं फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरायच्या तयारीत होती. अशा वेळी पंतप्रधान विचारतात, माझ्यावर विश्वास आहे की नाही? या प्रश्नाला त्या बाई नाही म्हणू शकल्या नाहीत. अन्याय त्यांच्या मतात नाही, प्रश्न तसा विचारण्यात आहे. दोन दिवसांपूर्वी सभागृहाला विचारलं होतं की शिक्षिकेला समान वेतन द्यायचं का, आणि सभागृहानं हो म्हटलं होतं.

शिक्षण कायदा त्या वर्षी मंजूर झाला आणि बटलर यांचं नाव त्याला कायमचं चिकटलं. सर्वांना माध्यमिक शिक्षण देणारा हा मोठा कायदा होता. लग्न केलं म्हणून शिक्षिकेला काढून टाकायची पद्धत त्यानं बंद केली, हेही प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. कोंडीचं एक दार उघडलं. पगाराचं बंद राहिलं.

त्याबद्दल चर्चिल यांनी समजूत म्हणून एक राजेशाही आयोग नेमला. अध्यक्ष न्यायमूर्ती सर सिरिल अस्क्विथ. स्त्रियांच्या मताधिकाराला पंतप्रधानपदावरून वर्षानुवर्षं विरोध करणाऱ्या एच. एच. अस्क्विथ यांचे चिरंजीव. आयोगानं परिस्थिती तपासायची, समान वेतनाचे परिणाम सांगायचे, पण शिफारस मात्र करायची नाही, असं कामाच्या चौकटीतच लिहिलेलं होतं. दोन वर्षं साक्षी झाल्या. 1946 च्या अखेरीस अहवाल आला. शिक्षण आणि सरकारी नोकरी या क्षेत्रांत समान वेतन शक्य आहे, असा त्याचा एकंदर सूर होता; खाजगी उद्योगांबद्दल बहुमत साशंक होतं, कारण स्त्रियांची कार्यक्षमता कमी पडते असं त्यांना वाटलं. आयोगावर चार स्त्रिया होत्या. त्यांतल्या तिघींनी, कामगार नेत्या ॲन लॉफलिन, वैद्यकशास्त्रज्ञ जॅनेट व्हॉन आणि एल. एफ. नेटलफोल्ड यांनी, या तर्काशी असहमतीचं टिपण जोडलं.

तोवर मजूर पक्षाचं सरकार आलेलं होतं. एलेन विल्किन्सन शिक्षणमंत्री झाल्या, आणि बटलरचा कायदा राबवायचं काम त्यांच्याकडे आलं. युद्धात थकलेलं शरीर साथ देईना. फेब्रुवारी 1947 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या मरणाच्या वेळी त्यांच्या खात्याखालच्या शिक्षिका अजून चार-पंचमांशावरच होत्या.

11 जून 1947 ला अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी सरकारचा निर्णय सभागृहाला सांगितला: समान वेतन हे तत्त्व म्हणून न्याय्य आहे आणि सरकारला मान्य आहे, चलनवाढीचा धोका पाहता आत्ता अमलात आणता येणार नाही. 1921 चाच सूर.

इथे मेव्हिस टेट यांची आठवण काढल्यावाचून पुढे जाववत नाही. हुजूर पक्षाच्या या खासदार समान वेतन मोहीम समितीच्या अध्यक्ष होत्या. युद्धात बॉम्बहल्ल्यात जखमी झालेल्या नागरिकांना सरकार भरपाई देई. तीही पुरुषाला जास्त, स्त्रीला आठवड्याला 7 शिलिंग कमी. एकच बॉम्ब, एकच भिंत अंगावर पडलेली, मोडलेलं हाड सारखंच. मजूर पक्षाच्या डॉ. एडिथ समरस्किल यांना बरोबर घेऊन टेटबाईंनी हा प्रश्न लावून धरला आणि 1943 मध्ये सरकारला तो भेद काढून टाकायला लावला. पुढे 1945 मध्ये बुखेनवाल्डची छळछावणी पाहायला गेलेल्या खासदारांच्या पथकात त्या होत्या. परतल्यावर त्यांची प्रकृती सावरली नाही. जून 1947 मध्ये, डाल्टन यांच्या त्या निवेदनाच्या काहीच दिवस आधी, त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं.

डाल्टन खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. देश कर्जात बुडालेला होता. युद्धात कधी न झालेलं पावाचं रेशनिंग युद्धानंतर सुरू झालं होतं. त्याच उन्हाळ्यात पौंडाचं संकट कोसळलं. पुढचे अर्थमंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनी 1948 मध्ये सगळ्या पगारवाढींवर लगाम घातला. तिजोरीत खडखडाट होता हे खरंच. पण त्याच तिजोरीतून पुरुषाचा पगार पूर्ण निघत होता. काटकसर सगळ्या देशानं करायची होती. तिचा एक हप्ता मात्र शिक्षिका, कारकून आणि पोस्टातल्या बायका महिन्याच्या महिन्याला भरत होत्या, आणि तो कुठल्याच अंदाजपत्रकात जमेला दिसत नव्हता. दुसऱ्याच्या पगारातून उभारलेली ही बचत. तिला काटकसर हा शब्द लावू नये.

संसाराचा युक्तिवादही आता लंगडा पडला होता. एलिनोर रॅथबोन यांच्या आयुष्यभराच्या चळवळीनंतर ऑगस्ट 1946 पासून दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला 5 शिलिंगांचा कुटुंब भत्ता सुरू झाला, आणि तो आईच्या हाती दिला जात होता. मुलांच्या पोटाची सोय पगाराबाहेर होऊ लागली होती.

1951 मध्ये सरकार बदललं, आणि अर्थमंत्री झाले आर. ए. बटलर. एका मतानं हरलेले, मग 425 मतांनी परत उभे केलेले, तेच.

बटलर यांचा आपल्याशी जुना संबंध आहे. त्यांचा जन्म अटकचा, आज पाकिस्तानात असलेल्या. वडील सर माँटेग्यू बटलर 1925 ते 1933 या काळात मध्य प्रांताचे गव्हर्नर होते. विदर्भाचा सगळा कारभार तेव्हा त्यांच्या नागपूरहून चाले. लहानपणी हिंदुस्थानातच तट्टावरून पडून मुलाचा उजवा हात मोडला तो कायमचा अधू राहिला. 1935 चा हिंदुस्थान सरकार कायदा पार्लमेंटमधून पार करताना हेच बटलर सरकारी बाकावर बसलेले होते. सावध, धिमा माणूस. घाईनं काही करायचं नाही, पण वारा फिरला की ओळखायचा.

वारा आता फिरत होता. जिल क्रेगी यांनी 1951 मध्ये समान वेतनाच्या प्रश्नावर ‘टू बी अ वुमन’ हा माहितीपट केला. मे 1952 मध्ये मजूर पक्षाच्या चार्ल्स पॅनेल यांचा सरकारी नोकरीतल्या समान वेतनाचा ठराव कॉमन्सनं मतविभागणीशिवाय मान्य केला. विरोधाला कुणी उभंच राहिलं नाही. लंडनच्या काउंटी कौन्सिलनं त्याच वर्षी स्वतःपुरतं समान वेतन सुरूही केलं. बटलर यांचं उत्तर तेच होतं: मान्य, पण देशाची स्थिती सुधारू द्या.

मार्च 1954 मध्ये चौघी खासदार घोड्यांच्या बग्ग्यांतून पार्लमेंटवर आल्या. जांभळा, पांढरा आणि हिरवा अशा तीन रंगांनी बग्ग्या सजवलेल्या होत्या. मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेल्या बायकांचे हे रंग, चाळीस वर्षांपूर्वीचे. मजूर पक्षाच्या बार्बरा कॅसल आणि एडिथ समरस्किल, हुजूर पक्षाच्या आयरीन वॉर्ड, आणि उत्तर आयर्लंडच्या युनियनिस्ट पॅट्रिशिया फोर्ड. एरवी एकमेकींचं एकही धोरण न पटणाऱ्या. बरोबर 80,000 हून जास्त सह्यांचे अर्ज. त्या दिवशीची छायाचित्रं पाहिली की डोळ्यांत भरतात त्यांचे चेहरे: हसतायत, पण हसण्यामागे थकवा आहे. ठराव होऊन चौतीस वर्षं झाली होती. 1920 मध्ये ज्या मुली नोकरीला लागल्या त्या आता निवृत्तीला आल्या होत्या.

त्या वर्षाच्या अंदाजपत्रकात बटलर यांनी सुरुवातीचा इशारा दिला, आणि जानेवारी 1955 मध्ये कर्मचारी संघटनांशी करार झाला. मे महिन्यात निवडणूक झाली, आणि विरोधी पक्षही तेच वचन देत होता, हे विसरायचं कारण नाही. फरक एकदम भरून निघणार नव्हता. 1 जानेवारी 1955 पासून वर्षाला एक असे सात हप्ते, शेवटचा 1 जानेवारी 1961 ला. शिक्षिकांसाठीही तशीच योजना 1955 च्या मे पासून लागू झाली. जुनी थकबाकी कुणालाच नाही. आधीच निवृत्त झालेल्यांचं पेन्शन जुन्या, कापलेल्या पगारावरच राहिलं.

आणि एक मोठा गट कराराबाहेर राहिला. समान वेतन मोजायला शेजारी पुरुष लागतो. सरकारी टंकलेखक सगळ्या बायकाच होत्या. तुलनेला पुरुष नाही, म्हणून फरक नाही, म्हणून वाढ नाही. काम बायकांचं ठरवून टाकलं की त्याचा दर बायकांचा होतो, आणि मग तो दर अन्याय म्हणून दाखवताच येत नाही. बार्बरा कॅसल यांनी मंत्री म्हणून 1970 चा समान वेतन कायदा केला तोवर ही अडचण पुरती सुटलेली नव्हती, आणि त्या कायद्यानंतरही ती लढवावी लागली.

याच मुद्द्यावरचा एक खटला आपल्या मुंबईतून गेला. भारताच्या राज्यघटनेनं समान कामाला समान वेतन 1950 मध्येच लिहून ठेवलं, पण निर्देशक तत्त्वांत, जिथे कोर्टाकडून अंमल करून घेता येत नाही. समान वेतनाचा कायदा 1976 मध्ये आला. मॅकिनन मॅकेंझी कंपनीत स्त्री स्टेनोग्राफरचा हुद्दा वेगळा होता आणि पगार पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी. एक स्टेनोग्राफर बाई भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. कंपनीनं सांगितलं, यांचं काम निराळं आहे. शिवाय आमची आर्थिक स्थिती समान पगार देण्याजोगी नाही. 1987 मध्ये न्यायालयानं दोन्ही म्हणणी फेटाळली. पैसे नाहीत, म्हणून एकाच कामाला कमी पगार देण्याची परवानगी कायदा देत नाही, असा तो निकाल आहे. 1921, 1947 आणि 1952 च्या अर्थमंत्र्यांना हे उत्तर कुणी देऊ शकलं नव्हतं.

ब्रिटनच्या शिक्षिकांची समान वेतनासाठी एक वेगळी संघटना होती, नॅशनल युनियन ऑफ विमेन टीचर्स. 1904 मध्ये समान वेतन लीग म्हणून तिची सुरुवात झाली, आणि 1920 च्या सुमारास ती मोठ्या शिक्षक संघटनेतून बाहेर पडली. 1961 मध्ये शेवटचा हप्ता मिळाल्यावर संघटनेनं स्वतःला विसर्जित केलं. जिच्यासाठी ती उभी राहिली ती एक मागणी पुरी झाली होती, सत्तावन्न वर्षांनी. तिचं दप्तर, पत्रव्यवहाराच्या फाइली आणि निदर्शनांची छायाचित्रं लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या संग्रहात ठेवलेली आहेत.